आडनावावरून घराण्याचा शोध – फुकटात ऑनलाइन काय काय मिळतं?

मिलवाला_नातू

नमस्कार मंडळी. आमचं आडनाव पाटील (हसू नका). पणजोबा गिरणीत लागले म्हणून कराडकडून मुंबईला आले, मग लालबाग, मग डोंबिवली असा प्रवास. परवा चुलत्यांनी घरच्या व्हॉट्सअप ग्रुपवर एक रंगीत पोस्टर टाकलं, "पाटील घराणे" म्हणून, त्यात गोत्र, वंश, निशाण, मूळ गादी सगळं छापलेलं, आणि खाली "संपूर्ण वंशावळीसाठी संपर्क करा". मला ते जाम फेकाफेकी वाटतंय पण खरं काय ते शोधायचं कसं हे पण माहीत नाही. गूगलवर वंशावळ टाकलं की एकतर परदेशी साइट येतात ज्या दोन क्लिकनंतर कार्ड नंबर मागतात, नाहीतर असली पोस्टरं. घरात माहीत असलेलं एवढंच : गावाचं नाव, कुलदैवत पालचा खंडोबा, आणि गावात भाऊबंद अजून जमीन कसतात पण जाणंयेणं तुटलंय. फुकटात ऑनलाइन कुठपर्यंत जाता येईल? आडनावावरून शोध घेणाऱ्या चांगल्या साइट सांगा.

कागदीघोडे

आडनाव विसर बाळा. पाटील हे आडनाव नाही, हुद्दा आहे. तुझ्याच तालुक्यात वेगवेगळ्या कुळांचे पाटील सापडतील, मूळ आडनाव जाधव असेल, मोहिते असेल, थोरात असेल, काहीही. तेच देशमुख, कुलकर्णी, देसाई, चौगुले, जोशी यांचं. तुझ्या हातात गाव आहे आणि गावात जमीन आहे, हे फार मोठं भांडवल आहे, पुष्कळांकडे तेही नसतं.

आमची सगळी नोकरी महसुलात गेली म्हणून सांगतो. महाभूलेखवर (सातबारा बघायची शासनाची साइट) जा, पुणे विभाग, सातारा जिल्हा, कराड तालुका, गाव निवड. तिथे गट नंबर नसला तरी नावाने शोधता येतं, पहिले नाव, मधील नाव, आडनाव असे वेगवेगळे पर्याय आहेत. लोक आडनाव टाकतात आणि पाटलांची भलीमोठी यादी बघून बंद करतात. तू "मधील नाव" मध्ये पणजोबांचं नाव टाक, त्यांच्या वडलांचं माहीत असेल तर ते टाक. भाऊबंदांपैकी कोणीतरी सापडेलच. विनास्वाक्षरी सातबारा बघायला पैसे पडत नाहीत, फक्त मोबाइल नंबर मागतात.

सातबारा उघडला की नावं बघून थांबू नको. त्यावर "जुने फेरफार क्र." असं लिहिलेलं असतं आणि पुढे कंसात आकडे. ते सगळे वहीत उतरवून घे. प्रत्येक आकडा म्हणजे त्या जमिनीत झालेला एक बदल. खरेदी, गहाण, वाटणी, आणि आपल्या कामाची म्हणजे वारस नोंद. "खातेदार अमुक तमुक मयत झाले, त्यांस वारस १) मुलगा २) मुलगा ३) मुलगी, लग्न होऊन अमक्या गावी, ४) विधवा पत्नी." वंशावळ म्हणजे याहून वेगळं काय असतं!

मिलवाला_नातू

काका कमाल. पण हे जुने फेरफार ऑनलाइन दिसतात का?

कागदीघोडे

"आपले अभिलेख" नावाचं शासनाचं पोर्टल आहे, जुने कागद स्कॅन करून चढवलेत. नाव नोंदवून शोधायचं. पण सगळ्या जिल्ह्यांचं काम सारखं झालेलं नाही, तुझा तालुका यादीत आहे का ते आधी बघ. नसेल तर तहसीलच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज, फी किरकोळ असते. फेरफार नंबर हातात घेऊन गेलास तर काम लवकर होतं, नुसतं "आमचं जुनं काय असेल ते द्या" म्हणून गेलास तर कारकून चहाला जातो.

वाचताना काही खुणा लक्षात ठेव. नावापुढे "ए.कु.मॅ." असेल तर तो एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, म्हणजे जमीन त्याच्या एकट्याची नाही, मागे भाऊ आहेत. "अ.पा.क." म्हणजे अज्ञान पालनकर्ता, वारस लहान आहे आणि आई किंवा चुलता त्याच्या वतीने आहे. यावरून बाप लवकर गेला होता हेही कळतं. मुंबई इलाख्यात हक्कनोंदीचा कायदा १९०३ चा, त्यामुळे आपल्या बाजूला फेरफार साधारण विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन-तीन दशकांपासून मिळू लागतात. त्यात जो मयत दाखवलाय तो जन्मला असेल १८५०-६० च्या आसपास. म्हणजे घरबसल्या किंवा एका हेलपाट्यात दीडशे वर्षं मागे.

चिपळूणची_सुमा

काकांचं बरोबर आहे पण ज्यांची जमीनच नाही किंवा कुळकायद्यात गेली त्यांनी काय करायचं? आमच्यासारख्यांना कुलवृत्तांत, म्हणजे एकेका घराण्याचा वंशावळीसकट छापलेला इतिहास, हा मोठा आधार. चित्पावन, कऱ्हाडे, देशस्थ, सारस्वत, सीकेपी अशा बऱ्याच घराण्यांनी आपापले कुलवृत्तांत छापलेत, आणि त्यातले जुने आर्काइव्ह डॉट ऑर्गवर फुकट आहेत. अडचण एकच, सापडत नाहीत! कारण ते डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियाच्या काळात स्कॅन झालेत आणि पुस्तकांची नावं रोमन लिपीत अशी काही टाइप केलीत की ज्याने केली त्यालाही परत सापडणार नाहीत. "कुलवृत्तांत" चं स्पेलिंग पाच-सहा तऱ्हेने टाकून बघा, "वृ" साठी आर-यू, आर-आय, नुसता आर, शेवटचा ए ठेवून, काढून. मग फक्त आडनाव आणि भाषा मराठी असा फिल्टर लावून. मग "घराण्याचा इतिहास", "वंशावळी", "वंशवृक्ष" हे शब्द. मी चिकाटीने बसते तेव्हा काहीतरी लागतंच हाताला.

आणि पुस्तक मिळालं तर आधी शेवटची पानं उघडा. "न जुळलेली घराणी" असा भाग असतो, संपादकाला ज्यांचा मुख्य वंशाशी धागा लागला नाही ती कुटुंबं तिथे टाकलेली असतात. आपलं कुटुंब हमखास तिथेच असतं 😄

एक तक्रार मात्र आहे, जुन्या आवृत्त्यांत मुलींची नावं गाळलेली किंवा नुसतं "कन्या, सासरचे आडनाव अमुक" एवढंच. आईकडून किंवा आजीकडून शोधायचं असेल तर उलटं जावं लागतं, तिच्या सासरच्या कुलवृत्तांतात पत्नीचं माहेरचं नाव दिलेलं असतं तिथून माहेरचं घराणं पकडायचं.

उगाचच

हे सगळं ब्राह्मण-सीकेपींसाठी झालं. बाकीच्यांचे कोणी छापून ठेवलेत कुलवृत्तांत? आणि शहाण्णव कुळींच्या याद्या म्हणाल तर एकाची दुसरीशी जुळत नाही.

कागदीघोडे

म्हणूनच म्हणालो जमिनीचा कागद. तिथे जात बघून नोंद सुटत नाही, ज्याचा सारा त्याची नोंद. आणि जमीन नसली तर शाळेचं जनरल रजिस्टर आणि गाव नमुना १४, म्हणजे जुनं जन्ममृत्यूचं बुक, कोतवाल बुक म्हणतात. जातपडताळणीसाठी आपल्याकडे लाखो कुटुंबांनी हे कागद काढलेत. अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०, जमातींना ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१, ओबीसींना १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा जोडावा लागतो, सोबत वंशावळीचं प्रतिज्ञापत्र. त्यामुळे तुमच्या भावकीत कोणी व्हॅलिडिटी काढली असेल तर अर्धी वंशावळ त्याच्या फायलीत तयार पडलेली असते. आधी त्याला फोन करा, मग इंटरनेट.

मोडीवेडा

+१. आणि यात एक नवीन भर पडलीय. २०२३ मध्ये न्या. संदीप शिंदे समिती नेमली तेव्हा कुणबी नोंदी शोधायला गावोगावचे जुने दप्तर बाहेर काढलं, लाखो नोंदी निघाल्या, आणि त्या स्कॅन करून जिल्ह्यांच्या सरकारी वेबसाइटवर तालुका-गाववार टाकल्यात. प्रमाणपत्र हवं नको तो भाग वेगळा, पण वंशावळ शोधणाऱ्याला ही लॉटरी आहे. एरवी जे जन्ममृत्यू रजिस्टर बघायला तहसीलला चकरा माराव्या लागायच्या त्याची पानं घरी बसून बघता येतात. अट एवढीच की बरीचशी मोडीत आहेत.

उगाचच

म्हणजे आता आरक्षणावर गाडी आली. मग सरळ सांगा ना की २ सप्टेंबरच्या जीआर नंतर

संपादक मंडळ

धागा वंशावळ शोधण्याबद्दल आहे. आरक्षणासाठी राजकारण विभागात आधीच तीन धागे चालू आहेत, तिकडे जावे. तसेच हयात व्यक्तींची नावं, मतदार यादीची पानं, गट नंबर इथे टाकू नयेत, टाकलेले प्रतिसाद उडवले जातील.

न्यूजर्सीचा_नाना

मी गेली काही वर्षं यातच आहे (बायकोच्या भाषेत "मेलेल्यांच्या मागे"). परदेशी साइटबद्दल सांगतो, कारण तिथे पैसे वाया घालवणारे खूप बघितले.

फॅमिलीसर्च ही पूर्ण फुकट आहे. अमेरिकेतल्या युटामधलं मॉर्मन चर्च चालवतं, त्यांच्या धर्मात पूर्वजांची नोंद महत्त्वाची म्हणून त्यांनी जगभर फिरून रजिस्टरांचे फोटो काढले. खातं उघडलं की झालं. काही फोटो मात्र त्यांच्या केंद्रात जाऊनच दिसतात. त्यात हिंदू तीर्थक्षेत्रांच्या पंड्यांच्या वह्यांचा मोठा संग्रह आहे, पण उडी मारू नका, तो बहुतेक हरिद्वार, कुरुक्षेत्र, पेहोवा, ज्वालामुखी, चिंतपूर्णी इकडचा आहे, म्हणजे पंजाब-हरियाणा-हिमाचलच्या लोकांच्या कामाचा. आणि त्यात नावाने शोध लागत नाही, पान पान उलटावं लागतं. "भारत – जन्म व बाप्तिस्मे", "भारत – विवाह" असे जे इंडेक्स आहेत त्यात इंग्रज, अँग्लो-इंडियन आणि ख्रिस्ती लोक. तिथे पाटील टाकून निराश होऊ नये. तसंच फिबिस म्हणून ब्रिटिश हिंदुस्थानातल्या कुटुंबांची संस्था आहे, तिचा डेटाबेस फुकट आहे पण तोही मुख्यतः गोऱ्यांचा.

आणखी एक भ्रम, जनगणना. अमेरिकेत ७२ वर्षांनी घरोघरचे जनगणनेचे कागद खुले होतात, इथे १९५० चे बघता येतात. आपल्याकडे १८७२ पासून जनगणना आहे पण घरोघरचे तक्ते सांभाळून ठेवलेले नाहीत, फक्त बेरजा आहेत. तो रस्ताच नाही.

सापडलेलं ठेवायचं कुठे? माय हेरिटेज फुकटात २५० माणसांपर्यंत झाड करू देते, आपल्या भावकीला एका लग्नात एवढी माणसं होतात. विकीट्री पूर्ण फुकट. पण मी म्हणतो आपल्याच कॉम्प्युटरवर ग्रॅम्प्स टाका, मुक्त सॉफ्टवेअर आहे, गेडकॉम फाइल काढता येते ती कुठेही चालते. फॅमिलीसर्चचं झाड सामायिक असतं, कोणीही येऊन तुमच्या खापरपणजोबांना भलतीच बायको जोडून जातो.

वऱ्हाडी_ठेचा

आमच्याकडं भाट येत. गावात आले का चार दिस मुक्काम, वही उघडून पूर्वजाइचे नावं गाऊन दाखवत, नवीन पोरं लिहून घेत आन बिदागी घेऊन जात. आमच्या आज्याच्या टायमाले एक ठाकूर यायचे, मंग बंद झाले. कोणाले माहीत हाय का त्यायच्या वह्या कुठी असतीन?

ऑनलाइनचं म्हणसान तर विदर्भवाल्याइनं रसेल आन हिरालालचं मध्यप्रांताच्या जातीजमातीवरचं १९१६ चं पुस्तक पाहा, प्रोजेक्ट गुटेनबर्गवर फुकट हाय. त्यात तुमचा आजा नाही सापडणार, पण कुळं, देवकं, कोन कुठून आलं हे समजते. सायबाच्या चष्म्यातून लिवलं हाय हे ध्यानात ठेवून वाचा, काही ठिकाणी डोस्कं फिरते.

मोडीवेडा

@वऱ्हाडी_ठेचा भाटांच्या वह्या त्यांच्या घरीच पिढीजात असतात, आणि प्रत्येकाची गावं वाटून घेतलेली. शेजारच्या गावात चौकशी करा, तुमच्याकडे बंद झाले तरी दुसऱ्या भावकीकडे येत असतील. सांगली, कोल्हापूर, सोलापूरकडे हेच काम हेळवी करतात, बैल घेऊन सुगीला येतात. आणि @मिलवाला_नातू, तुमच्यासाठी नाशिक-त्र्यंबक. घरात कोणी अस्थी घेऊन किंवा नारायण नागबळीला गेलं असेल तर तीर्थोपाध्यायांच्या नामावळीत नोंद असणार. गावावरून आणि मूळ आडनावावरून ठरतं कोणते गुरुजी तुमचे. नामावळीत पूर्वजाने स्वतःच्या हाताने भाऊ, मुलगे, चुलते यांची नावं लिहून सही केलेली असते, कधीकधी आई-बायकोची पण. या वह्या मी तरी ऑनलाइन बघितलेल्या नाहीत, पण फोन करून गाव सांगितलं तर बरेच गुरुजी बघून ठेवतात. दक्षिणा द्या, ते फुकटात बसवू नका.

मिलवाला_नातू

अपडेट. महाभूलेखवर "मधील नाव" वाली युक्ती चालली!! पणजोबांच्या सख्ख्या भावाचा वंश सापडला, जमीन त्यांच्या नावावर. आणि त्या सातबाऱ्यावर कंसात आकड्यांची रांगच आहे. एका नोंदीत पाटील नाही, आडनाव "मोहिते पा." असं लिहिलंय. आता पोस्टरवाल्या चुलत्यांना सांगावं का नको या विचारात आहे. पुढे काय करू?

कागदीघोडे

चुलत्यांना सगळे कागद हातात आल्यावर सांग, आत्ता सांगितलंस तर उद्या मोहित्यांचं पोस्टर येईल.

पाटलांसाठी एक खास वाट आहे जी बाकीच्यांना नसते. पाटीलकी हे वतन. १८७४ चा वतन कायदा आला तेव्हापासून जिल्ह्यात वतन रजिस्टर असायचं, त्यात तक्षिमा (वतनातले वाटे) किती, कोणत्या घराचा पाटील कधी, वारस कोण, आणि भांडण झालं की वंशवृक्ष जोडलेला. आणि पाटीलकीवरून भांडण झालं नाही असं गाव मी तरी बघितलं नाही. १९६२ च्या कायद्याने मुलकी पाटीलकी गेली, पण फायली राहिल्या. हे ऑनलाइन नाही, अभिलेख कक्षात विचारावं लागेल, आणि त्याआधीचं इनाम-वतनाचं पुण्याच्या पेशवे दप्तरात, तेही मोडीत. पण तिथे जाण्याआधी सरदेसायांनी संपादित केलेले पेशवे दप्तरातले निवडक ४५ खंड, १९३० ते ३४ मध्ये छापलेले, आर्काइव्हवर फुकट आहेत. देवनागरीत आहेत. सूची असेल तर तिच्यात, नाहीतर पानं चाळून गावाचं नाव शोध. मोहित्यांची नावं ढिगाने सापडतील, त्यातला आपला कोण हे गावाशिवाय ठरवू नको, नाहीतर सगळेच हंबीररावांचे वंशज होतात.

म्हापशेंकार

गोव्याबद्दल कोणी बोललं नाही म्हणून. आमच्याकडे ख्रिस्ती कुटुंबांसाठी चर्चची बाप्तिस्मा, लग्न, मृत्यूची रजिस्टरं हा राजमार्ग, पोर्तुगीजमध्ये असतात पण साचा ठरलेला, दहा-बारा शब्द शिकले की वाचता येतात. हिंदू कुटुंबांसाठी देवळाची महाजनकी, म्हणजे कुठलं कुळ कुठल्या देवळाचं हक्कदार, ते बघावं. कुठल्या देवाचे महाजन यावरून मूळ गाव कळतं, कारण बरीच दैवतं साष्टी, बारदेस, तिसवाडीतून अंत्रुजात (आताच्या फोंड्याकडे) हलवली गेली आणि कुळं कर्नाटक, केरळपर्यंत पांगली. मंगेशी, शांतादुर्गा, म्हाळसा अशा देवस्थानांकडे कुळावींच्या (त्या देवाला मानणाऱ्या कुळांच्या) याद्या असतात. त्याशिवाय कोमुनिदादीचे, म्हणजे गांवकरीचे कागद, त्यात गांवकारांचे वांगड (कुळांचे गट) नोंदलेले. पणजीच्या पुराभिलेखात जावं लागतं. लिस्बनच्या तोर्रे दो तोंबोचा कॅटलॉग मात्र ऑनलाइन फुकट आहे, स्कॅन केलेली पानंही दिसतात.

बीडची_लेक

माझा वेगळाच घोळ. माझ्या आजोबांचा मोगलाईतला (निजामाच्या राज्यातला) कागद आहे, अर्धा उर्दू अर्धा मोडी, आणि साल लिहिलंय १३४४ फ. हे काय ते कोणी सांगेल का, घरात दोघं म्हणतात चौदाव्या शतकातला आहे 🙈

मोडीवेडा

ताई फ. म्हणजे फसली. त्यात ५९० मिळवा, १९३४ आलं. निजामाकडे फसली वर्ष ऑक्टोबरात सुरू व्हायचं त्यामुळे १९३४-३५ धरा. आधीच्या मराठी कागदात सुहूर सन असतो, तो आकड्यात नसून अरबी शब्दांत लिहितात, त्यात ५९९ किंवा ६०० मिळवायचे, शक असेल तर ७८. हे तीन बेरजांचे नियम भिंतीवर चिकटवून ठेवा, जुने कागद बघणाऱ्याचं निम्मं काम होतं.

मोडी शिकायची असेल तर यूट्यूबवर फुकट वर्ग भरपूर आहेत. अक्षरं आठवड्याभरात बसतात, खरी फजिती पुढे. मोडीत शब्द तोडत नाहीत, ह्रस्व-दीर्घ पाळत नाहीत, विरामचिन्हं नाहीत. पण वंशावळवाल्याला सगळं वाचायचं नसतंच. तुमच्या घरातली सात-आठ नावं, गावाचं नाव, आणि "बिन", "मयत", "वारस", "भाऊ", "मौजे" एवढे शब्द मोडीत लिहायला शिका, स्वतः गिरवा, मग पानावर नजर फिरवली की ते उठून दिसतात. "बिन" तर सोन्याचा शब्द, अमुक बिन तमुक म्हणजे तमुकचा मुलगा, एका ओळीत दोन पिढ्या.

बीडची_लेक

धन्यवाद दादा! उर्दू भागाचं काय करू? आणि हा कागद तुम्हाला पाठवला तर वाचून द्याल का?

मोडीवेडा

व्यक्तिगत निरोपात पाठवा, मोडीचा भाग मी बघतो. उर्दू शिकस्ता (घाईच्या, मोडक्या वळणाच्या) लिपीत असेल, ते साधं उर्दू येणाऱ्यालाही जड जातं. तुमच्या तालुक्यात जुने दस्तलेखक किंवा वकिलाकडचे मुन्शी कोणी असतील त्यांना दाखवा, मराठवाड्यात अजून आहेत असे लोक. फोटो काढताना फ्लॅश नको, दिवसाच्या उजेडात, कागद सपाट करून बरोबर वरून काढा, आणि व्हॉट्सअपवर फोटो म्हणून पाठवू नका, डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर अक्षरं फुटतात. मागची बाजू कोरी वाटली तरी तिचाही फोटो काढा, नोंदणीचा शिक्का आणि हजर साक्षीदारांची नावं बऱ्याचदा तिकडेच असतात, आणि साक्षीदार म्हणजे बहुतेक करून भावकीच.